वरचा ठोका

जगातली कोणतीही क्रांती शेवटी एका ठोक्यावर उभी असते. तो ठोका ज्याच्या हातात असतो त्याच्याच हातात इतिहास असतो, बाकीचे नुसते ओरडणारे. हे वाक्य धोंड्याने रविवारच्या भाषणासाठी बांधलं होतं आणि सराव म्हणून तो ते कानवालीला ऐकवत होता. कानवाली म्हणजे ऐकायची यंत्रं बसवून देणारी मुलगी. 'इतिहास' या शब्दापाशी तिने त्याची मान हलकेच वळवली, डाव्या कानात चिमटा घातला आणि वाटाण्याएवढा मळ काढून कापसावर ठेवला. "क्रांतीचं नंतर बघू, काका," ती म्हणाली. "आधी हे बघा. कधीपासून होतं हे आत?" धोंड्याने पाहिलं. त्याच्या अंदाजाने दुसऱ्या रेकॉर्डपासून असावं. मग तिने घेवड्याच्या बीएवढं यंत्र कानामागे अडकवलं, बारीक नळी आत सारली, कुठलंसं बटण दाबलं, आणि सगळं जग एकदम खाजगीतलं बोलू लागलं. तिच्या कोटाची बाही खरखरली. पलीकडच्या खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवून सुस्कारा टाकला. भिंतीवरचं घड्याळ इतका वेळ सभ्य गृहस्थासारखं गप्प बसलं आहे असं त्याला वाटत होतं. ते चक्क जीभ टाळ्याला लावून चुकचुकत होतं, आणि ते त्याच्याकडे बघूनच चुकचुकत होतं याबद्दल त्याला शंका उरली नाही. "तुम्ही खरंच 'रद्दी'त होतात?" कानवालीने विचारलं. "तुमच्या त्या 'ऐकणार नाही'पायी आमच्या बाबांनी रेडिओ फोडला होता." धोंडा सुखावला. "रागाने?" "नाही हो. आवडलं म्हणून."

असे बरेच रेडिओ त्या काळात फुटले. 'रद्दी' हा चार जणांचा बँड. पहिला कार्यक्रम पाणी काढून टाकलेल्या पोहण्याच्या तलावात झाला, कारण बाहेर त्यांना कोणी उभं करेना. गायला भडका; तो गात नसे, अंगावर येत असे. गिटारीवर डास, कारण त्याची गिटार कानाशी गुणगुणायची आणि हाकलून जात नसे. जाड तारांच्या बास गिटारीवर घुम्या. तो कार्यक्रमात बोलायचा नाही आणि कार्यक्रमाबाहेरही नाही. आणि ड्रमवर धोंडा. एकालाही वाजवता येत नव्हतं. हे ते लपवत नसत, मिरवत. 'सूर लावणं हा लाळघोटेपणा आहे' असं भडक्याने तलावाच्या फरशीवर काळ्या रंगाने लिहिलं होतं आणि ते वाचायला माणसं तलावात उतरत. मग रेकॉर्ड आली, गाणं गाजलं, शाळाशाळांतून मुलं मास्तरांच्या तोंडावर 'सांगू नका! ऐकणार नाही!' म्हणून ओरडू लागली, तरुणांनी बाह्या फाडल्या, आणि थोड्याच दिवसांत शिंपी त्या बाह्या बेताने, मापात फाडून देऊ लागले. लोकप्रियता म्हणतात ती हीच. दहाबारा वर्षं हे चाललं. मग डास बापाचा दातांचा दवाखाना चालवायला लागला, घुम्या एका गोदामात हिशेबनीस झाला आणि दोन वर्षांपूर्वी जसा जगला तसाच, म्हणजे कोणाला काही न बोलता, गेला. भडका नगरपालिकेत चढत चढत उद्यान अधीक्षक झाला आणि 'हिरवळीवर चालू नये' अशा पाट्यांवर सह्या करू लागला. आणि धोंडा, ज्याने शहराच्या निम्म्या कानांचं वाटोळं केलं, तो आवाज शोषून घेणारे तक्ते विकू लागला. छताला, भिंतींना, दारांमागे लावायचे ते मऊ तक्ते. आधी दुखणं दिलं, मग औषध विकलं, असं त्याची बायको म्हणे. निदान तसं काहीतरी ती म्हणत असावी, कारण आजवर ते त्याला नीट ऐकू आलं नव्हतं.

आता येत होतं. कानाला यंत्र लावून घरी आल्यावर त्याने नेहमीप्रमाणे चपला दारात सोडल्या आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "चहा आहे का?" बायको नेहमीप्रमाणे "हो" म्हणाली; पण त्या 'हो'च्या मागून, रेल्वेच्या शेवटच्या डब्यासारखं, आणखी काही आलं: "नाहीतर सोडणार आहेस का." धोंडा तिथेच थबकला. मग त्याने मुद्दाम म्हणून तिला वर्तमानपत्र विचारलं, खिडकी लावायला सांगितली, त्याचा चष्मा कुठे आहे ते विचारलं. प्रत्येक उत्तराला तशीच एक शेपटी होती. एवढी वर्षं या घरात दोन संसार चालू होते, एक त्याला ऐकू येणारा आणि एक न येणारा, आणि दुसरा जास्त बोलका होता. "हे किती वर्षं चाललंय?" त्याने विचारलं. "काय?" "हे पुटपुटणं." बायकोने त्याच्या कानामागे पाहिलं, तिच्या चेहऱ्यावरून एक ढग सरकला, आणि ती भूगोलाच्या शिक्षिकेला शोभेल अशा स्थिर आवाजात म्हणाली, "लग्नापासून. तू तेव्हा ड्रम वाजवत होतास." संशय ही ओल आहे; एकदा एका भिंतीला दिसली की माणूस सगळ्या भिंती चाचपडून बघतो. आणखी कोण कोण, किती वर्षं, कोणकोणत्या वाक्यांच्या मागे काय काय बोलत होतं?

टेबलावर नवी रेकॉर्ड होती. 'रद्दी'च्या पहिल्या रेकॉर्डची ही साफसूफ करून काढलेली नवी आवृत्ती, आणि सोबत एका समीक्षकाने लिहिलेलं विटेएवढं पुस्तक: बँडचा उगम, वाटचाल, तत्त्वज्ञान. दोन्हींचं प्रकाशन रविवारी व्हायचं होतं. मुखपृष्ठावर धोंड्याचे दोन हात होते, काठ्यांसह; बाकी काही नाही. चौघांचे चेहरे आता छापण्याजोगे राहिले नाहीत म्हणून प्रकाशकाने हात घेतले असं डास म्हणायचा, पण धोंड्याने ते मनावर घेतलं नव्हतं. हात घेतले कारण हात खरे होते. पुस्तकात एक आख्खं प्रकरण त्या हातांवर होतं. समीक्षकाचा सिद्धान्त असा: रेकॉर्डवर धोंड्याचा ठोका घोड्याच्या टापेसारखा पक्का आहे आणि रंगमंचावर तोच ठोका तिसऱ्या गाण्यापर्यंत ढासळतो, तर हे ढासळणं जाणूनबुजून केलेलं आहे, शिस्त कपाटात ठेवून लोकांपुढे अराजक मांडण्याची ती एक भूमिका आहे. धोंड्याला ती भूमिका वाचेपर्यंत माहीत नव्हती, पण वाचल्यावर पटली. माणसाला आपलं मोठेपण दुसऱ्याकडून कळावं यात काही गैर नाही. तक्ते विकताना, गिऱ्हाईक 'अजून कमी करा' म्हणत असताना, तो त्या दोन मिनिटांच्या गाण्याकडे मनातल्या मनात परत जात असे, जसा एखादा माणूस दुसऱ्या गावी असलेल्या आपल्या बंगल्याकडे जातो. तो बंगला त्याच्या नावावर होता. बाकी आयुष्यात त्याच्या नावावर फारसं काही नव्हतं.

त्याने रेकॉर्ड लावली. स्वतःचा ठोका स्वतःच्या कानाने तो कैक वर्षांनी ऐकणार होता. आजवर तो पोटाने ऐकत आला होता. भडका भुंकला, डास गुणगुणला, घुम्या घुमला, आणि ड्रम सुरू झाला, दणदणीत, पक्का. धोंड्याने डोळे मिटले. आणि त्या मिटल्या डोळ्यांमागे त्याला ते ऐकू आलं. प्रत्येक ठोक्याच्या जरासा आधी, केसभर आधी, आणखी एक ठोका होता. बारीक, कोरडा, लाकडी. टक्. आणि मग त्याच्यावर धावत येऊन पडणारा त्याचा स्वतःचा: धप्. टक्-धप्. टक्-धप्. त्याने सुई मागे नेली. पुन्हा तेच. यंत्राचा दोष असेल म्हणून त्याने ते काढलं. नुसता ड्रम राहिला, नेहमीचा, त्याचा. पुन्हा घातलं, टक् परत आला. लग्नाच्या फोटोत आपल्या मागे कोणीतरी अनोळखी उभा आहे हे म्हातारपणी लक्षात यावं तसं. त्याहून वाईट म्हणजे, तो अनोळखी माणूस मागे उभा नव्हता. पुढे होता. धोंडा त्याच्या मागे होता.

दुसऱ्या कुणाला तो आवाज कसला हे सांगता आलं नसतं, पण धोंड्याचा तो धंदाच होता. आवाज दोन जातींचे, हे तो गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आला होता. शेजारी भांडतात तो हवेतून येतो, त्याला तक्ता लावला की झालं. वरच्या मजल्यावरचा माणूस टाच आपटतो तो घराच्या हाडांतून उतरतो, त्याला इलाज थोडा. हा टक् हाडांतला होता. तो त्यांच्या खोलीत वाजलेलाच नव्हता. कोणीतरी वर, तळघराच्या छतापलीकडे, जमिनीवर लाकूड आपटत होतं. आणि त्या तळघरावर कोण राहायचं हे आठवायला धोंड्याला प्रयास पडले नाहीत. वर बाई राहायच्या.

बाई म्हणजे भडक्याची आई, पण तिला आई, मावशी असं कोणी म्हणत नसे, कारण निम्म्या गावाला तिने टायपिंग शिकवलं होतं. तिच्या वर्गात तीसेक यंत्रं आणि एक लाकडी पट्टी. पट्टी टेबलावर पडली की सगळ्यांनी एक अक्षर मारायचं. पट्टी, अक्षर, पट्टी, अक्षर. वेग नंतर, आधी सारखेपणा, असा तिचा खाक्या. धोंड्याला तिथे त्याच्या वडिलांनी घातलं होतं. वडील वाचनालयात शांतता राखायच्या कामावर होते आणि ते काम घरीही घेऊन यायचे. घरात टाचणी पडली तर ती कोणी पाडली याची चौकशी होत असे. अशा घरातून आलेल्या पोराला एका खोलीत तीस यंत्रं एकदम कडाडताना ऐकून काय झालं असेल ते त्यालाच ठाऊक. त्याचे तळहात घामेजले, कानशिलं तापली, आणि तो सुटला. पट्टीच्या आधी, पट्टीच्या नंतर, दोन पट्ट्यांच्या मध्ये. आठवडाभरात त्याच्या दोन्ही बाजूंची मुलं बिघडली, मग पुढची ओळ. बाईंनी पट्टी खाली ठेवली, त्याच्याजवळ आल्या, आणि अजिबात न रागावता म्हणाल्या, "तू घरी जा, बाळ. तुझ्यात दोष नाही. पण हे संसर्गजन्य आहे." बाहेर जिन्यावर त्यांचा मुलगा बसला होता. त्याने आतलं सगळं ऐकलं होतं. "ए," तो म्हणाला, "तुला ड्रम वाजवायचाय?" बँडचा उगम हा असा. पुस्तकात तो वेगळा होता. पुस्तकात चौघे एका दंगलीत भेटले होते.

त्या दुपारी धोंडा खुर्चीतून उठला नाही. आठवणी एकेक करून येऊ लागल्या, आणि आजवर निरागस असलेली प्रत्येक आठवण आता खाली मान घालून येत होती. रेकॉर्डिंग नेहमी भडक्याच्याच तळघरात का? कंपनीने त्यांना एकदा चकचकीत स्टुडिओ दिला होता, भिंतींना कापूस, दाराला रबर. तिथे त्यांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच गाणं वाजवलं आणि एकदाही एकत्र संपवलं नाही. तंत्रज्ञ टेबलाखाली डोकं घालून बसला होता. दुसऱ्या दिवशी भडक्याने जाहीरनामा काढला की 'रद्दी' यापुढे कोणत्याही भांडवली भिंतीआड वाजवणार नाही; समीक्षकाने त्याला बारा पानं दिली होती. आणि तळघरातही नेमकं दुपारीच का, बाईंच्या सुट्टीच्याच दिवशी का? काठ्या उचलल्या की भडका जिन्यावरून वर डोकावून यायचा आणि डासाला म्हणायचा, "आई आहे वर." धोंड्याला वाटे, भितो. सगळ्या जगाला शिव्या घालणारा हा गडी आईला भितो, याची त्याला गंमत वाटायची, प्रेमही. मग ती दुपार, बाई बहिणीकडे गेल्या होत्या तेव्हाची. सगळे जमले, तारा लागल्या, भडका वर जाऊन आला आणि म्हणाला, "आज नको. डासाला ताप आहे." डास तेव्हा सँडविच खात होता. त्याने ते लगेच खाली ठेवलं आणि कपाळावर हात ठेवला. हे धोंड्याने पाहिलं होतं! स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्याने डासाला लिंबू सरबत करून दिलं होतं. आणि घुम्या: रंगमंचावर तो धोंड्याला खेटून उभा राहायचा आणि जड बुटाने फळ्यांवर पाय आपटत राहायचा. त्यावरून केवढं भांडण झालं होतं. "माझ्या ड्रमवर पाय देतोस? मीच लागतो का तुला?" घुम्याने नेहमीप्रमाणे उत्तर दिलं नाही, आणि पुढच्या कार्यक्रमाला तो रबरी तळाचे बूट घालून आला. त्या कार्यक्रमात ते दुसऱ्याच गाण्याला ढासळले. समीक्षकाच्या मते तो त्यांचा सर्वोत्तम कार्यक्रम.

डासाच्या दवाखान्यात तो दुसऱ्या दिवशी सकाळी गेला, दाढ दुखते या सबबीवर. चूक झाली. संशयिताकडे चौकशीला जाताना त्याच्यासमोर आ वासून आडवं पडू नये, ही अक्कल त्याला खुर्ची मागे झुकल्यावर आली. डास आता टक्कल पडलेला, गोड बोलणारा, हातमोजे घातलेला माणूस होता. "बऱ्याच दिवसांनी, राजा," असं म्हणत त्याने धोंड्याच्या दोन्ही गालांत कापूस भरला. "रविवारी काय बोलणारेस? मी फक्त आभार मानणारे. तोंड उघड. अजून मोठं. अरे, दाढ तर छान आहे तुझी."

धोंड्याने कापसातून विचारलं. ते काहीसं असं ऐकू आलं: "व-हू-न कोण ठो-हा-यचं?"

"अं?"

त्याने बोट वर, छताकडे केलं, आणि मग त्याच बोटाने खुर्चीच्या हातावर आपटून दाखवलं. टक्. टक्. टक्.

डासाच्या हातातला आरसा थांबला. नव्या यंत्राने धोंड्याला त्याचा आवंढा गिळलेला ऐकवला, अगदी स्वच्छ, जवळून. "तुला," डास हळूच म्हणाला, "तुला ऐकू आलं?"

कोर्टात कबुलीजबाब याहून लांब असतात, याहून पक्के नसतात. धोंड्याने कापूस उपटून फेकला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! तिघांनाही!"

"ओरडू नको, बाहेर पेशंट आहेत."

"सरबत पाजलं होतं मी तुला!"

"छान झालं होतं," डास म्हणाला, आणि स्टुलावर बसला. बराच वेळ त्याने हातमोज्याचं एक एक बोट ओढलं. "हे बघ, पहिल्यांदा आम्हालाही नाही कळलं. एक दिवस अचानक गाणं लागलं. आपण चौघं एकदम थांबलो, एकदम! असं कधी झालं नव्हतं. मग भडक्याने शोधून काढलं की आई वरून ठोकत असते आणि तू... तुझा हात आपोआप तिच्या मागे जातो. तुला पत्ताही नसायचा. भडका म्हणाला, सांगूया त्याला, हसेल. तेव्हा घुम्या बोलला."

"घुम्या?"

"एकदाच. अख्ख्या बँडच्या आयुष्यात त्याचं पूर्ण वाक्य ते एकच. म्हणाला, 'त्याला सांगायचं नाही. कळलं तर तो बरोबर वाजवायला बघेल.'"

खोलीत कुठेतरी पाण्याची नळी बारीक सूं करत होती. धोंड्याला घुम्याचे रबरी बूट दिसले. त्याने ते किती दिवस घातले असतील, धोंड्याच्या पाठीमागे, बिनआवाजी पाय आपटत? "म्हणजे तो ठोका माझा नव्हता," तो म्हणाला.

"जोर तुझा होता."

"जोर बैलाचाही असतो."

"अरे, काय फरक पडतो आता? गाणं झालं ना?"

"मुखपृष्ठावर माझे हात आहेत, डासा. बाईंचे नाहीत."

यावर डासाने जे म्हटलं ते खरं तर सांत्वन होतं, पण धोंड्याला आता कुणाचंही सांत्वन सरळ लागेना. "मग रविवारी काही बोलू नकोस," डास म्हणाला. "हातच दाखव नुसते." ही धमकी होती का? टिंगल? भडक्याने पढवलं असेल का? की खरोखरच एवढाच अर्थ होता? जिना उतरताना त्याने मागे वळून पाहिलं. डास खिडकीत उभा राहून फोन लावत होता. कोणालाही लावत असेल, दातांच्या डॉक्टरला फोन असतात. पण धोंड्याचं पाऊल झपाट्याने पडू लागलं, भडक्याच्या घराकडे, भडक्याला कळायच्या आत. रस्त्यात सगळं शहर ठोकत होतं. बूट, टाचा, छत्र्यांची टोकं, बंद होणारी दारं, दुकानाचं वर जाणारं शटर; आणि त्याला जाणवलं की तो चालतोय तेही समोरच्या बाईच्या टाचांच्या मागे मागे. त्याने पाऊल बदललं. थोड्या वेळाने ते एका वृद्धाच्या काठीला जाऊन मिळालं. मनात त्याने मांडणी केली: बाई कबूल करणार की आपण मुलांना ताल देत होतो, म्हणजे ती बँडमधली पाचवी, किंवा खरं तर पहिली, म्हणजे रविवारी त्याने उभं राहून तसं सांगायला हवं. किंवा न सांगता बसावं, आणि पुढची जी काही वर्षं उरली असतील ती त्या बंगल्यात भाडेकरू म्हणून काढावीत. दोन्ही वाक्यं त्याने चालता चालता म्हणून पाहिली. दोन्ही टाळ्या घेण्याजोगी नव्हती.

तळघराचं घर पाडून बरेच दिवस झाले होते. भडका आता एका चार मजली इमारतीत राहायचा. दार बाईंनीच उघडलं. नव्वदीच्या घरात, वाळलेल्या, पण पाठ टायपिंगच्या खुर्चीत बसल्यासारखी ताठ. भडका कुठल्याशा बागेच्या उद्घाटनाला गेला होता.

"कोण?"

"मी, बाई. धोंडा."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हां. संसर्ग," त्या म्हणाल्या. "ये. चपला तिथे काढ. कानाला काय झालं?"

तो पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसला. खोलीत टायपिंगचं एक झाकलेलं यंत्र, औषधांच्या बाटल्या, आणि कोपऱ्यात पडदा लावायचा एक लांब लाकडी दांडा. खिडकीला मात्र पडदा नव्हता. त्या दांड्याकडे पाहताच धोंड्याच्या तळहातांना घाम फुटला, अगदी वर्गात फुटायचा तसा. "बाई," तो म्हणाला, "एक विचारायचं होतं. आम्ही तळघरात वाजवायचो तेव्हा तुम्ही वरून ठोकायचात."

"ठोकायचे. याच्याने."

"का?"

"का म्हणजे? झोप यायची नाही. सुट्टीची एक दुपार मिळायची. बंद करा, असं सांगत होते."

धोंड्याला वाटलं, कानातलं यंत्र बिघडलं. "पण ते तालात होतं. पक्कं. तुम्ही आम्हाला ताल धरून देत होतात."

"मी कशाला देऊ? मग काय वेडंवाकडं ठोकू? जन्म गेला पट्टी आपटण्यात, हात तसाच पडणार." बाईंनी बोटांनी चादरीवर आपटून दाखवलं, बोटं वाकडी झाली होती, पण अंतर सारखं. "आणि तुम्ही कसले चावट! मी ठोकलं की खाली जास्तच जोर यायचा. जेवढं ठोकावं तेवढे तुम्ही एकसारखे. मला वाटायचं, मुद्दाम करतायत. चिडवतायत. मग मी आणखी ठोकायचे."

"भडक्याने तुम्हाला सांगितलं नव्हतं, ठोकायला?"

"त्याने? छे. तो उलट माया करायचा. तुम्ही जमलात की वर येऊन विचारायचा, 'आई, आज पडणार आहेस ना जरा? पड, पड, दमली असशील.' त्या वयात आईची एवढी काळजी करणारा मुलगा मी दुसरा बघितला नाही." त्यांचे डोळे पाणावले. धोंड्याने मान खाली घातली. बाहेरच्या हिरवळींना पाट्या लावत फिरणाऱ्या त्या माणसाबद्दल त्याला जे सांगावंसं वाटलं ते नव्वदीच्या बाईला सांगण्यासारखं नव्हतं.

म्हणजे कोणी दिलं नव्हतं आणि कोणी चोरलंही नव्हतं. एक बाई वर 'बंद करा' म्हणत होती, एक मुलगा खाली 'ऐकणार नाही' म्हणून तिचाच शब्द झेलत होता, आणि त्या दोन चुकांच्या मधून एक पिढी बाह्या फाडून नाचली. त्याने हात पुढे धरून पाहिले. मुखपृष्ठावरचे तेच. ते त्याला कोणाचे वाटावेत हे ठरवायची गरज होती, आणि रविवार परवावर आला होता. "बाई," तो म्हणाला, आणि आवाज त्याला स्वतःलाच वर्गातल्या पोराचा वाटला, "मग तो ठोका धरायचा कोणाचा? तुमचा की माझा? मला भाषणात सांगायचंय."

बाईंची नजर छताकडे गेली होती. वरच्या मजल्यावर कोणाची तरी मुलं पळू लागली होती. धप्, धप्धप्, मग काही नाही, मग एखादी वस्तू पडली, मग पुन्हा पळापळ, आधी, नंतर, मध्येच. हाडांतला आवाज. सगळा उतरत होता. धोंडा ऐकत राहिला. कोणत्याही दोन ठोक्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, आणि तरी मुलं मजेत होती, हे छतातूनही कळत होतं. तिसऱ्या गाण्यानंतर त्याचा ठोका नेमका असाच वाजायचा. त्याला सगळ्या रंगमंचांवरचं ते ढासळणं आठवलं, समोरचा तो आनंदाने वेडा झालेला समुदाय, आणि पाठीमागे कुठेतरी रबरी तळव्यांची हालचाल. तिथे वर कोणी नव्हतं. ते तरी त्याचंच होतं.

"रोज हेच," बाई म्हणाल्या. "दुपारी डोळ्याला डोळा नाही. मी ठोकते, पण हात पोचत नाही आता." त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. "आलाच आहेस तर एक काम कर. तो दांडा घे आणि छताला चारदोन ठोके दे. तालात नको. तालात ठोकलं की ती नाचतात, मी बघितलंय. तू आपलं तुझं नेहमीसारखं ठोक."